नुसती साथ

मागच्या आठवड्यात चिरंजीवांचा ड्रॉवर आवरायला काढला. (त्याला न विचारता. जुनी सवय, जात नाही.) त्यातून निघालेला ऐवज असा: फेव्हिक्विकच्या पाच-सहा नळ्या, चार प्रकारचा पॉलिश पेपर, आणि कात्रीने कापून चंद्रकोरी केलेला टेबल टेनिसचा एक बॉल.

तिशी ओलांडलेल्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये हे सगळं का, असं एखाद्या आईला वाटेल. मला आता वाटत नाही. फ्लामेंको गिटार वाजवणाऱ्याची सगळी मिळकत उजव्या हाताच्या नखांवर असते. नख तुटलं की बॉलच्या त्या चंद्रकोरीचा तुकडा खालून चिकटवायचा, वरून घासून गुळगुळीत करायचा आणि संध्याकाळच्या क्लासला हजर व्हायचं. आमच्याकडे भांडी घासायला, नारळ सोलायला, डब्याचं घट्ट झाकण उघडायला चिरंजीव कधीही उपलब्ध नसतात, त्याचं कारण हे. निदान तो तसं सांगतो.

मुळशी तालुक्यात फ्लामेंको गिटार शिकवणारे असे किती असतील? मला तरी एकच माहीत आहे आणि त्याला रोज वरणभात मी वाढते.

लग्नाकार्यात ठरलेला संवाद होतो. "मुलगा काय करतो?" "गिटार वाजवतो." "अरे वा! आणि काम काय करतो?" पूर्वी मी यावर "शिकवतो पण" असं घाईघाईने जोडायचे, जणू वाजवण्याचा गुन्हा शिकवण्याने थोडा माफ होतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. कारण हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांत मीही होते. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी फ्लामेंको म्हणजे काय ते थोडं सांगते, नाहीतर मावशीचा फोन येईल.

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. तिथलं हे संगीत. त्यात गाणं, नाच, गिटार आणि टाळ्या असतात. टाळ्यांना कमी लेखू नका, तो स्वतंत्र अभ्यास आहे. तिथल्या जिप्सींचा (त्यांच्या शब्दात हितानो) या कलेत फार मोठा वाटा. या लोकांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आपल्याकडून, उत्तर हिंदुस्थानातून, पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून नक्की झालं आहे. स्पेनमधल्या जिप्सींच्या बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. म्हणून लगेच 'फ्लामेंको म्हणजे आपलं कथकच' असं मात्र म्हणू नये. तसं सांगणारे पुष्कळ भेटतात. अरब, ज्यू, स्थानिक लोकगीतं अशी कितीतरी पाणी त्यात मिसळलेली आहेत. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

आता मुद्दा. आपण बाहेरचे लोक फ्लामेंको म्हटलं की गिटार समजतो. तिथे मात्र पहिला मान गाण्याला, मग नाचाला, आणि गिटार मागून आलेली. ती साथीला आली. अगदी आपल्या तबला-पेटीसारखी. गायक येऊन बसला की तो गिटारवाल्याला सांगतो, "पोर मेदिओ, चारवर." म्हणजे अमुक जागेवरून वाजव आणि गळपट्टी, तो गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, चौथ्या पडद्यावर लाव. आपल्याकडे गायक पेटीवाल्याला "काळी चार" म्हणतो की नाही? तसंच. ज्याचा गळा त्याची पट्टी, वाजवणाऱ्याने जुळवून घ्यायचं.

अण्णा तबला वाजवायचे. सकाळी कचेरी, संध्याकाळी कथकचा क्लास. पुण्यात १९४७ साली रोहिणीताई भाट्यांनी नृत्यभारती सुरू केली आणि त्यानंतर हळूहळू शहरात कथकचे क्लास वाढत गेले. मुली नाचणार म्हटलं की कुणीतरी ठेका धरायला हवाच. अण्णांचा क्लास एका पेठेतला, वाड्याच्या माडीवरचा. सायकलीच्या कॅरिअरला बांधलेला डग्गा, खांद्याच्या पिशवीत तबला. तीस-बत्तीस वर्षं हा माणूस लहान मुलींच्या 'ता थेई थेई तत्'ला त्रिताल वाजवत राहिला. स्टेजवर एकट्याने वाजवलं असेल दोन-तीनदा. आमच्या घरात त्या सगळ्याला एक शब्द होता: 'नुसती साथ'. आई म्हणायची, "नुसती साथच करायची तर कचेरीचा ओव्हरटाइम काय वाईट?" आणि शाळेत वडिलांबद्दल विचारलं की मी फक्त कचेरीचं सांगायचे.

माझा मुलगा २००९ साली, पंधरा वर्षांचा असताना, मित्राकडून एक रेकॉर्डिंग घेऊन आला. पाको दे लुसिया, अल दी मेओला आणि जॉन मॅकलॉफ्लिन या तिघांची सॅन फ्रान्सिस्कोतली डिसेंबर १९८० ची मैफल. तोवर तो सगळी मुलं वाजवतात ती चार कॉर्डची गाणी वाजवत होता. त्या दिवसापासून गिटारवर हाताच्या बोटांची पंख्यासारखी उघडझाप, टेबलावर टकटक, जेवताना ताटाच्या कडेवर टकटक. मी वैतागून जायचे. अण्णा ऐकत बसायचे.

एकदा तो खोलीत बारापर्यंत मोजत होता आणि मध्येच कुठेतरी जोर देत होता. पुन्हा पुन्हा अडखळत होता. अण्णांनी आत जाऊन विचारलं, "काय चाललंय?" त्याने सांगितलं, "आजोबा, बारा मात्रा आहेत, पण जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर."

अण्णांनी मांडीवर एकदा वाजवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन. आमच्या एकतालात दोन-दोनचे सहा विभाग. तुझ्या या लोकांनी बारा वेगळे कापलेत, एवढंच. पण सम कुठाय?"

इथे पोरगा थांबला. कारण पुस्तकात सम नव्हती. तिथले शिक्षक घड्याळ काढून दाखवतात, वरती बारा. बुलेरिया नावाच्या प्रकारात बरेचदा त्या बारापासूनच उचलतात, आणि वाक्य येऊन मिटतं दहावर. अकरा म्हणजे श्वास. आपल्याकडे आवर्तन पुढच्या पहिल्या मात्रेवर येऊन कोसळतं, त्यांच्याकडे ते दहाव्यावर हात झटकून मोकळं होतं. अण्णांना हे इतकं आवडलं की पुढचे आठ दिवस ते भाजी निवडतानासुद्धा दहावर थांबून "हं!" म्हणायचे. आईने विचारलं, "उचकी लागलीय का?"

असो.

त्या लयीच्या चक्राला ते 'कोंपास' म्हणतात. कोंपास चुकला की तुमची बोटं कितीही वेगात पळोत, तिथली म्हातारी माणसं मान फिरवतात. आणि कोंपास शिकायची जागा नाचाचा क्लास. हे मला मुलाकडून कळलं, मग मीही वाचलं. फ्लामेंकोतला गिटारवाला तयार होतो तो साधारण असा: आधी वर्षानुवर्षं नाचाच्या क्लासात वाजवायचं, मग गायकाच्या साथीला बसायचं, आणि हे सगळं अंगात मुरलं तर एकट्याने. आपण उलटं समजतो, की जो एकट्याने वाजवू शकला नाही तो क्लासात वाजवतो.

एकट्याने वाजवायची प्रथा तशी अलीकडची. रामोन मोन्तोया (१८७९ ते १९४९) हा पहिला मोठा माणूस. त्याने १९३६ साली पॅरिसला जाऊन एकल गिटारच्या रेकॉर्ड केल्या. तोही गायकांच्या साथीत वाढलेला. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली आणि साबिकास नावाचा तरुण गिटारवादक देश सोडून गेला. दक्षिण अमेरिकेत कार्मेन आमाया या नर्तकीबरोबर त्याने वाजवलं, पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाला आणि १९९० साली तिथेच वारला. नोटेशन वाचता न येणाऱ्या या माणसाने जगाला एकल फ्लामेंको गिटार ऐकवली.

पाको दे लुसिया तर सगळ्यांना माहीत. त्याचं खरं नाव फ्रान्सिस्को सांचेस गोमेस. आईचं नाव लुसिया, म्हणून लुसियाचा पाको. वडील दिवसा मिळेल ते काम करायचे आणि रात्री पैशांसाठी गिटार वाजवायचे. त्यांनी पोराला लहानपणीच गिटारला जुंपलं, तासन्‌तास. वयाच्या विशीच्या आतच तो खोसे ग्रेको यांच्या नृत्यमंडळीबरोबर अमेरिकेचे दौरे करत होता. म्हणजे हा एवढा मोठा माणूसही आधी नाचणाऱ्यांच्या मागे बसला. पुढे कामारोन या गायकाबरोबर १९६९ पासून त्याने एकामागून एक रेकॉर्ड केल्या, आणि जाणकार आजही त्या साथीबद्दल बोलताना हळवे होतात. आपल्याला खरं तर गायकच व्हायचं होतं, पण लाजाळूपणामुळे गिटारमागे लपलो, असं तो सांगत असे. २०१४ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोत तो गेला, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस सुतक पाळल्यासारखी शांतता होती. अण्णांनी पोराला जवळ बसवून घेतलं होतं. बोलले काही नाहीत.

पण माझ्या मुलाचं दैवत दुसरंच पाको आहे. पाको पेन्या. हा १९४२ साली कोर्दोबात जन्मला. मोठं आणि गरीब कुटुंब. मोठ्या भावाकडून गिटार शिकला, बाराव्या वर्षी पैसे घेऊन वाजवायला लागला, नृत्यमंडळ्यांबरोबर फिरला. १९६०च्या दशकात लंडनला गेला. १९६७ साली तिथल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या गिटारच्या कार्यक्रमात तो होता, आणि त्याच कार्यक्रमात जिमी हेंड्रिक्सही होता. (हे वाक्य चिरंजीवांनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं आहे.) एवढं सगळं करून तो शिकवायला बसला. १९८१ साली कोर्दोबात केंद्र काढलं आणि १९८५ पासून हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात फ्लामेंको गिटारचा अभ्यासक्रम उभा केला. विद्यापीठाच्या दर्जाचा असा हा जगातला पहिलाच. पुढे त्याच विद्यालयात आपल्या हरिप्रसाद चौरसियांनी भारतीय संगीताचा विभाग सांभाळला. आपल्या गुरूकडून कानाने शिकायची दोन संगीतं अशी एका इमारतीत शेजारी शेजारी शिकवली गेली, याची मला फार गंमत वाटते.

आणि एक दिएगो देल गास्तोर. हा मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. सेव्हियाजवळच्या मोरोन दे ला फ्रोन्तेरा या गावात राहायचा, गाव फारसं सोडायचा नाही. रेकॉर्ड कंपन्यांच्या मागे लागला नाही. १९६०च्या दशकात डॉन पोरेन नावाच्या अमेरिकन लेखकाच्या नादाने परदेशी तरुण त्या गावात येऊन राहू लागले, या माणसाच्या ओट्यावर बसून शिकू लागले. १९७३ साली तो गेला, पण त्याचे भाचे आणि ती परदेशी पोरं त्याचंच वाजवत राहिली. पौडच्या बाजारपेठेत असा एखादा बुवा बसलेला असावा आणि अमेरिकेहून पोरं एसटीने यावीत, तसं काहीसं.

हे सगळं मला आता माहीत आहे. २०१८ साली माहीत नव्हतं.

मुलगा इंजिनिअर झाला, २०१६ मध्ये हिंजवडीला नोकरीला लागला. (हिंजवडीही मुळशी तालुक्यातच बरं का. एकाच तालुक्यात आयटी पार्क आणि भाताची खाचरं.) आम्ही तोवर पिरंगुटला राहायला आलो होतो. २०१७ साली अण्णा गेले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका रात्री मुलाने सांगितलं की नोकरी सोडतोय. मी आधी समजावलं, मग रडले, मग भांडले. आणि भांडताना म्हणून गेले, "अण्णांसारखं आयुष्य काढायचंय का तुला? दुसऱ्यांच्या पायांकडे बघत?"

तो म्हणाला, "हो."

उद्धटपणे नव्हे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं. आणि उठून झोपायला गेला. मी रात्रभर जागी. वाईट याचं वाटत होतं की ते वाक्य माझं नव्हतंच, आईचं होतं. अण्णा ऐकत असताना ते आमच्या स्वयंपाकघरात कितीदा बोललं गेलं असेल.

२०१९ मध्ये साठवलेले पैसे घेऊन तो तीन महिने स्पेनला जाऊन आला. व्हिसाच तेवढा. सकाळी गुरूकडे धडा आणि संध्याकाळी एका नृत्यशाळेत कोपऱ्यात बसून वाजवायचं, फुकट. पहिल्या आठवड्यात नाचाच्या बाईंनी त्याला तीनदा थांबवलं म्हणे. आपल्याकडे नाचणारी बोल म्हणून दाखवते, तबलजीला कळतं. तिथे कुणी काही बोलत नाही. नाचणारी पायाने एक ठराविक हाक देते, तिला 'यामादा' म्हणतात, आणि गिटारवाल्याने तिथल्या तिथे ओळखायचं की आता थांबायचं, वेग वाढवायचा की गायकाला जागा द्यायची. हाक हुकली की सगळ्यांसमोर हुकली. पोरगा सांगत होता, "आई, मी गिटारकडे बघत होतो म्हणून चुकत होतो."

परत आला, क्लास सुरू केला, आणि २०२० चा मार्च उजाडला. पुढचं सगळ्यांनाच माहीत आहे. पण ऑनलाइन विद्यार्थी मिळाले, अगदी लांबलांबचे. आता आठवड्यातून दोन दिवस कोथरूडला क्लास, दोन दिवस घरी, शनिवारी मुंबईला एका फ्लामेंको नृत्याच्या क्लासात साथ. मधूनमधून हॉटेलांत, लग्नांत वाजवतो, तिथे लोक जेवत असतात. पैसे हिंजवडीपेक्षा कमी, हे लपवण्यात अर्थ नाही. कर्ज नाही, व्यसन नाही, लग्नाचं विचारू नका.

पावसाळा हा मात्र आमचा खरा शत्रू. ताम्हिणीकडून येणारा पाऊस म्हणजे काय ते मुळशीकरांना सांगायला नको. फ्लामेंको गिटार सायप्रसच्या पातळ लाकडाची असते, वजनाला हलकी, तारा पट्टीला अगदी जवळ. म्हणूनच तिचा आवाज तसा कोरडा, करकरीत येतो. आमच्या हवेत ती जुलैमध्ये फुगते आणि तारा नको तिथे घासायला लागतात. एका वर्षी पूल उचकटला. तेव्हापासून कपाटात दिवा लावून गिटार ठेवतो. शेजारी अण्णांचा डग्गा असतो. तोही पावसात उतरतोच. दोघांना मिळून एक दिवा.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर मुंबईला त्या नाचाच्या क्लासात गेले. माझं दुसरं काम होतं, वेळ काढायला म्हणून बसले. आरसे, लाकडी जमीन, खिळे ठोकलेले बूट घातलेल्या आठ-दहा बायका, त्यांतल्या दोघी माझ्या वयाच्या. एक नवीन मुलगी होती, तिला एक तुकडा जमत नव्हता. दहावर थांबायचं, ती अकरावर जायची. बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकली. माझा मुलगा पुन्हा तेच वाजवत होता. असं किती वेळा झालं मोजलं नाही. त्याची नजर तिच्या पावलांवर. तिचा पाय उचलला जाई तेव्हा त्याचा हात कणभर थांबे, तिला वेळ मिळावा म्हणून, आणि पुढे कुठेतरी तो कण भरून काढी. एकदाचं तिला जमलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. याने फक्त मान हलवली आणि पुढचा तुकडा सुरू केला.

ती मान मला ओळखीची होती. वाड्याच्या माडीवर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून, सायकलीवरून घरी जायची वाट बघत मी ती शेकडो वेळा पाहिली होती. तेव्हा मला भूक लागलेली असायची आणि वाटायचं, त्या मुलीला येत नाहीये तर सोडून द्या ना.

परतताना गाडीत मी त्याला काही बोलले नाही. चांदणी चौक ओलांडल्यावर भूगावच्या गर्दीत नेहमीसारखे अडकलो तेव्हा म्हटलं, "त्या मुलीला शेवटी जमलं, नाही?"

"तुला दिसलं?" त्याने विचारलं.

गुरुवारी घरी शिकायला भुकूमहून एक मुलगा येतो. सातवीत आहे. त्याचे वडील स्कूटरवर सोडतात आणि अंगणातच थांबतात, आत या म्हटलं तरी येत नाहीत. काल तो बुलेरियाचे बारा मोजत होता. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. एक, दोन, तीन... दर वेळी पोरगं दहावर न थांबता सरळ पुढे. चौथ्यांदा मी आतूनच ओरडले, "दहा!"

खोलीत क्षणभर शांतता. मग माझ्या मुलाचा आवाज, "ऐकलंस? परत."